फोटोतल्या माशाचा तो रंग टोचलेला आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरातल्या फिशटँकबद्दलचा लेख वाचला. लेख चांगलाच आहे, पाणी सगळं एकदम बदलू नका, मासे आणले की लगेच टँकमध्ये ओतू नका वगैरे जे लिहिलंय ते अगदी बरोबर, पण सोबत छापलेला गुलाबी-हिरव्या पट्ट्यांच्या पारदर्शक माशांचा फोटो आणि त्याखालची 'निसर्गाची किमया' ही ओळ बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. अहो, निसर्गाने त्या माशाला असला रंग दिलेलाच नाही. तो सुईने टोचून भरलाय.

हा मासा म्हणजे इंडियन ग्लासफिश. भारत, बांगलादेश, म्यानमार या पट्ट्यातला, बोटभर लांबीचा, आणि अंग असं की आरपार पाठीचा कणा दिसतो, एकेक काटा मोजून घ्या. खरं तर हेच बघण्यासारखं आहे. पण काही लोकांना ते 'फिकं' वाटतं, मग एकेका माशाला पाण्याबाहेर काढून पाठीच्या आणि पोटाच्या कडेने कातडीखाली चारसहा ठिकाणी चमकणारा रंग सोडायचा. त्या एवढ्याशा जिवाला ती सुई म्हणजे आपल्याला सळई खुपसल्यासारखं झालं. दुसरी पद्धत आणखी वाईट, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर केमिकलमध्ये बुडवून उतरवायचा, मग रंगात बुडवायचं. तो थर म्हणजे माशाचं चिलखत असतं हो, जंतू त्याच्यामुळेच बाहेर राहतात. यातले किती मासे दुकानापर्यंत पोचायच्या आधीच मरत असतील ते आपल्याला कोण सांगणार.

मी हे शहाणपण पुस्तकात वाचून सांगत नाहीये, मीच फसलोय. बरीच वर्षं झाली, मुलीने हट्ट केला म्हणून असे सहा मासे आणले, विचारलं तर दुकानदार म्हणाला जातच तशी आहे. दोन-अडीच महिन्यांत गुलाबी पट्टा विरत विरत गेला, आणि त्यातल्या दोघांच्या परांवर पांढरे चामखिळीसारखे गोळे आले. मला वाटलं फंगस आहे, आठवडाभर औषध घातलं, काही फरक नाही, पडणारच नव्हता कारण तो लिम्फोसिस्टिस नावाचा व्हायरसने होणारा रोग निघाला आणि त्यावर औषधच नाही. नंतर कळलं की ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात हे तपासून झालं होतं, रंगवलेल्या ग्लासफिशमध्ये ४० टक्क्यांहून जास्त माशांना हा रोग सापडला आणि न रंगवलेल्यांमध्ये साधारण १० टक्क्यांना. सुईची जखम आणि त्यावर ताण, दुसरं काय होणार. तिथल्या 'प्रॅक्टिकल फिशकीपिंग' या मासिकाने १९९६ मध्ये याविरुद्ध मोहीमच उघडली होती. म्हणजे गोष्ट आजची नाही, आणि आपण अजून त्याच माशाचा फोटो कौतुकाने छापतोय.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे 'माशाला कुठे दुखतं?' २००३ साली ब्रिटनमध्येच संशोधक लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट या माशांवर प्रयोग केले, माशांच्या ओठात ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) टोचलं, तर ते मासे ओठ तळच्या खड्यांवर घासत राहिले आणि बराच वेळ खायलाही आले नाहीत. आपल्याला होतं तसंच दुखतं का यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत, भांडू देत, पण ज्याला काहीच होत नाही तो खड्यांवर तोंड कशाला घासेल?

आता संकराबद्दल, म्हणजे दोन जातींच्या क्रॉसबद्दल. इथे मात्र आमच्या छंदातले निम्मे लोक माझ्यावर चिडतील. कारण रंगवणं वाईट म्हटलं की लोक लगेच सगळं एकाच गाठोड्यात बांधतात, रंगवलेले मासे, क्रॉस केलेले मासे, अंधारात चमकणारे ग्लोफिश, सगळंच 'निसर्गाविरुद्ध'. हा मुद्दाच मला पटत नाही. निसर्गाविरुद्ध म्हणायचं तर गोल्डफिश काय आहे? चीनमध्ये हजारएक वर्षं माणसानेच निवडून निवडून घडवलेला मासा. ग्लोफिशला तर कोणी रंग टोचतच नाही, सिंगापूरच्या विद्यापीठात १९९९ च्या सुमारास झेब्रा डॅनिओ या छोट्या माशाच्या अंड्यात जेलीफिशचं जनुक घातलं त्यातून ती सुरुवात झाली, त्याची पिल्लं जन्मतःच रंगीत असतात आणि त्यांच्या अंगाला काही इजा नसते. त्याचा प्रश्न वेगळाच आहे, ब्राझीलमध्ये ते शेततळ्यांतून निसटून ओढ्यांत सापडलेत. दुकानात मिळणारे प्लॅटी आणि स्वोर्डटेलही बहुतेक एकमेकांत मिसळलेलेच असतात आणि मजेत जगतात. पण त्याच दोघांचे काही ठरावीक क्रॉस असे आहेत की पिल्लाच्या अंगावरचा काळा ठिपका वाढत जाऊन त्याचा कॅन्सर होतो, हे १९२० च्या दशकापासून माहीत आहे आणि कॅन्सरच्या संशोधनात ते मासे आजही वापरतात. तेव्हा क्रॉस म्हटला की वाईटच असं नाही आणि क्रॉस म्हटला की चालतंय असंही नाही, त्या माशाला नीट खाता येतं का, पोहता येतं का, दिसतं का, एवढं बघा ना.

आणि हे बघायचं तर पॅरटपासून सुरुवात करा. ब्लड पॅरट नावाचा मासा, ऐंशीच्या दशकात तैवानमध्ये तयार झालेला क्रॉस. नारिंगी, गोलमटोल, सगळ्यांना 'क्यूट' वाटतो. त्याचं तोंड म्हणजे एक छोटी तिकोनी फट, ती पूर्ण मिटतच नाही, त्यामुळे चावायचं काम घशातल्या दातांवर. हौशी लोकांचं तेवढ्यावरही भागत नाही, त्याच पॅरटला जांभळा-निळा रंगवतात, काहींना लेझरने अंगावर नक्षी काढतात, आणि काहींची तर शेपूटच छाटतात, का तर मासा बदामाच्या आकाराचा दिसावा म्हणून. बलून मॉलीचंही तसंच, मुद्दाम आखूड कण्याचे मासे निवडायचे आणि आतली आतडी-बितडी सगळी त्या फुगलेल्या पोटात कोंबून जगायला लावायचं.

आणखी एक प्रकार आहे, त्यात माशाला काही होत नाही पण जातीला होतं. एंडलर म्हणजे गप्पीचा जवळचा भाऊबंद, एंडलर म्हणून विकतात त्यातले कितीतरी गप्पीशी मिसळलेले असतात, आणि खरे एंडलर मूळचे व्हेनेझुएलातल्या अगदी थोड्या जागेतले. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांमध्ये तर वेगवेगळ्या जातींच्या माद्या इतक्या सारख्या दिसतात की एका टँकमध्ये ठेवल्या की क्रॉस झालाच मग. माझ्या एका मित्राने अशी पिल्लं शुद्ध समजून दोन वर्षं वाढवली आणि पुढे दहा जणांना वाटली, कळलं तेव्हा उशीर झालेला. त्यात त्याचा दोष नाही, ज्याने विकताना लपवलं त्याचा आहे.

मी स्वतः काही साधू नाही. माझ्याकडे दोन ओरांडा गोल्डफिश आहेत, डोक्यावरची गाठ वाढून एकाच्या डोळ्यावर यायला लागलीये, आणि वर लिहिलेली कसोटी लावली तर मी तो घ्यायलाच नको होता. आता घेतलाय तर सांभाळतोय, पण पुन्हा घेणार नाही.

आपल्याकडून दोनच अपेक्षा. त्या फोटोबद्दल एक दुरुस्ती छापा, की तो रंग टोचलेला आहे आणि काही महिन्यांत जातो. आणि पुढच्या वेळी असा लेख आला तर लेखकाला सांगा की दुकानात काय विचारायचं तेही लिही, हा रंगवलेला आहे का, क्रॉस आहे का, कशाकशाचा. दुकानदाराने टँकवर तशी चिठ्ठी लावायला काही खर्च येत नाही. विचारणारेच कोणी नसतील तर तो कशाला लावेल.

माझ्याकडेही एक पॅरट आहे, तो मी विकत घेतला नव्हता, घर बदलणाऱ्या एका शेजाऱ्याने नाइलाजाने दिला. सहा वर्षं झाली. मोठा दाणा टाकला की झडप घालतो, दाणा तोंडाच्या फटीतून बाहेर पडतो, परत धरतो, परत पडतो, तोवर बाकीच्यांनी खाल्लेलं असतं. म्हणून रोज सकाळी दाणे चिमटीत चुरून त्याच्या कोपऱ्यात वेगळे टाकावे लागतात. आताही तो काचेला नाक लावून उभा आहे, पत्र इथेच थांबवतो.

आपला,
एक नियमित वाचक