फोटो चुकला आणि निदानही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत पोलिसांच्या जुन्या रायफलींवरचा लेख वाचला. 'थ्री नॉट थ्रीचा', म्हणजे ब्रिटिश घडणीच्या .३०३ बोअरच्या ली-एनफिल्ड रायफलीचा, 'नेम लागत नाही' असे त्यात सरसकट ठोकून दिले आहे. गंमत म्हणजे सोबतचा फोटो थ्री नॉट थ्रीचा नाहीच, ती ईशापूर २ए१ ही वेगळी रायफल आहे. मॅगझिन (काडतुसांची पेटी) पाहिले तरी कळते. थ्री नॉट थ्रीच्या मॅगझिनचे बूड तिरके असते, हिच्या मॅगझिनचे चौकोनी.

चूक फोटोपुरती असती तर लिहिले नसते. १९६२च्या चीन युद्धानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने एनफिल्डचीच घडण ठेवून, पण जास्त दाब सोसणारे पोलाद वापरून, ७.६२ मिलिमीटर बोअरची ही रायफल काढली. थ्री नॉट थ्रीची पुंगळी (काडतुसाचे धातूचे नळकांडे) ५६ मिलिमीटर लांब असते, तिच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि त्या कडेवरच काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, अडते. २ए१ची पुंगळी ५१ मिलिमीटर, बिनकडेची. ती खांद्यावर, म्हणजे गळ्याखालच्या उतारावर, अडते. एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही. त्यात एके-४७चे काडतूसही ७.६२च, फक्त पुंगळी ३९ मिलिमीटर! इंडेंटवर (मागणीपत्रावर) नुसते '७.६२' लिहिणाऱ्या कारकुनाला मी म्हणूनच कधी सही दिली नाही.

आता नेमाविषयी. कोकणातल्या जिल्हा मुख्यालयाच्या शस्त्रागारात मी आर्मोरर, म्हणजे शस्त्रे तपासणारा-दुरुस्त करणारा, होतो. नेम चुकतो अशी तक्रार आली की आधी नळीचे तोंड बघायचे. डमी (बिनदारूच्या) काडतुसाची गोळी तोंडात सरकवायची; ती पुंगळीच्या गळ्यापर्यंत आत गेली, तर तोंड झिजलेले. बहुतेकदा ही झीज गोळीबाराची नसते. पुल-थ्रूची, म्हणजे नळी साफ करायची, दोरी तिरकी ओढून ओढून आपलीच माणसे ती करतात. जुन्या काडतुसांच्या टोपीतला (ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यातला) क्षार नळीत राहतो, पावसाळी हवेत पाणी धरतो आणि गंज चढतो. नुसते तेल लावून तो निघत नाही. फायरिंगच्या दिवशीच उकळते पाणी ओतायचे, कोरडे करायचे, मग तेल. पुढचे लाकूड फुगून नळीला टेकले तर पहिल्या पाच गोळ्या एकीकडे, पुढच्या पाच भलतीकडे.

काडतूस बदलले की नेम बदलतो, हे तर ब्रिटिशांनाही चुकले नाही. १९१०मध्ये थ्री नॉट थ्रीची २१५ ग्रेन वजनाची बोथट गोळी जाऊन १७४ ग्रेनची टोकदार आली, तेव्हा साइटच्या खुणा नव्याने आखाव्या लागल्या. आपल्याकडे मात्र चार वेगवेगळ्या लॉटची (उत्पादनाच्या खेपांची) काडतुसे एकाच पट्ट्यात भरून शिपायाला मैदानावर उभे करतात आणि टार्गेट कोरे राहिले की दोष रायफलीला.

जुन्या रायफली बदलाव्यात, याला माझी हरकत नाही. पण मोडीत काढण्याआधी नळी गेजने (मापाच्या साधनाने) तपासून, एकाच लॉटच्या काडतुसांनी, टेकू देऊन शंभर यार्डांवर ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) काढावा आणि तो कागद फाइलला लावावा. २ए१ असेल तर बोल्टमागच्या पट्टीवर ७.६२ आणि सालाचा ठसा असतो, तोही त्यात उतरवावा.

– एक निवृत्त पोलीस आर्मोरर, रत्नागिरी