कायद्यासोबत खर्चही छापा

महोदय,
राष्ट्रीय सुरक्षेचे विधेयक आले की शिक्षा किती कडक यावर तासन्‌तास चर्चा होते. शेवटी जोडलेल्या वित्तीय ज्ञापनाकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. आवर्ती (वारंवार होणाऱ्या) आणि अनावर्ती (एकदाच होणाऱ्या) खर्चाचा अंदाज तिथे द्यावा, असे लोकसभेचा नियम ६९ सांगतो.

२६/११ नंतर २००८ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेचा (एनआयए) कायदा झाला. त्याच्या कलम १९ नुसार विशेष न्यायालयातला खटला रोजच्या रोज चालला पाहिजे. पण २०१९ च्या दुरुस्तीने आहे त्या सत्र न्यायालयांनाच विशेष न्यायालयाचा दर्जा देण्याची मुभा दिली. मी जिल्हा न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. खटल्यांच्या रोजच्या यादीने आधीच भरलेल्या बोर्डावर हजारो पानांचे दोषारोपपत्र आले की पुढची तारीखच पडते. लघुलेखक, बेंच क्लार्क, दुभाषी, साक्षीदारांचा भत्ता, आरोपींना आणणारे पोलीस पथक, सगळ्याला पैसा लागतो.

१ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात १५ पोलीस शहीद झाले. त्या प्रकरणातील एका आरोपीच्या जामीन अर्जावर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतंत्र विशेष न्यायालये न उभारल्यावरून सरकारला खडसवावे लागले. इतकी वर्षे शहिदांची कुटुंबे निकालाकडे डोळे लावून आहेत. दोष सिद्ध न होताच तुरुंगात खितपत पडणे हाही अन्यायच!

यापुढच्या प्रत्येक सुरक्षा विधेयकात किमान ५ वर्षांचा पदनिहाय खर्च द्यावा आणि राज्यांवर पडणारा भार वेगळा दाखवावा. खासदारांनी तो आकडा मागितल्याशिवाय मतदान करू नये.

– एक निवृत्त न्यायालयीन अधीक्षक, भंडारा