बाबांच्या मनगटाला कुठलं घड्याळ?

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर अ‍ॅपलच्या स्मार्ट घड्याळाबद्दल म्हणालात, "घ्यायचंच तर ते मोठं घे, भक्कम दिसतं." दिसतं खरं. टायटॅनियमची चौकट, वर सफायरची काच. चादर घेतानासुद्धा ती हातात तोलून बघणाऱ्या माणसाला ते आवडणारच.

2024 मध्ये त्या मोठ्या अल्ट्रा 2 ची किंमत 89,900 रुपये होती, साध्या सिरीज 10 ची 46,900 पासून पुढे. पण अडलंय ते पैशावर नाही. 49 मिलिमीटरचं, 61 ग्रॅमचं ते धूड तुमच्या मनगटावर झोपेत राहील का? निवृत्तीला मिळालेलं जाड पट्ट्याचं घड्याळ "टोचतं" म्हणून कपाटात गेलं, ते अजून तिथेच आहे. साधं 42 मिलिमीटरचं घेतलं तर 30 ग्रॅम भरतं. आणि मला ते तुमच्या हातावर हवंय ते पहाटे, अंधारात बाथरूमकडे जाताना.

जोरात पडलात तर घड्याळ मनगटावर टकटक करतं, वाजतं. "मी ठीक आहे" असं दाबलं नाही आणि मिनिटभर हालचाल दिसली नाही, तर आपणहून मदतीला फोन लावतं. दादाला आणि मला ठिकाणासकट मेसेज येतो. हे दोन्ही घड्याळांत सारखंच, आणि वय 55 च्या पुढचं भरलं की सोय आपोआप चालू होते. तरी सेटिंग मी स्वतः तपासून देईन. अट एवढीच, की मी दिलेला आयफोन जवळपास हवा. अल्ट्रात मोबाइल नेटवर्कची सोय अंगचीच असते, साध्यात ती हवी तर जास्त पैसे मोजावे लागतात. तुमचा फोन अंघोळ सोडून सदा सदऱ्याच्या खिशात असतो, त्यामुळे मला त्याची गरज वाटत नाही.

मग मोठ्याला जास्तीचे पैसे कशाचे? ते घालून 40 मीटर खोल डायव्हिंग करता येतं. चार-पाच दिवसांतून एकदा नळ येणाऱ्या गावात! शिवाय 86 डेसिबलचा सायरन आहे, डोंगरात वाट चुकलेल्यांसाठी. आयुष्यभर पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेल्या तुमच्या कानांना तो कितपत ऐकू येईल, ते आईलाच विचारा.

बॅटरी मात्र मोठ्याची खरंच चांगली: 36 तास. साध्याची 18. रोजच्याला अडचण नाही, दुपारी जेवून आडवे झालात की चार्जरवर ठेवा, अर्ध्या तासात 80 टक्के होतं. माझा जीव अडकला होता तो आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, यण्णीमज्जनाच्या म्हणजे तैलाभिषेकाच्या दिवशी. बाराबंदी अंगरखा घालून नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागे 68 लिंगांची प्रदक्षिणा करायची म्हणजे घरी यायला रात्र होणार, आणि तुम्ही मध्येच कुठे टेकणार नाही, हेही मला माहीत आहे. त्या दिवशी निघताना पूर्ण भरून घेतलंत तर रात्रीपर्यंत पुरेल. फोनही भरून घ्या.

आई, तू विचारलं होतंस, बीपी आणि साखर कळेल का. नाही. बीपीला आपलं दंडाला पट्टा बांधायचं मशीनच, साखरेला लॅब. ईसीजी निघतो, कडेच्या चकतीवर बोट 30 सेकंद ठेवायचं. ठोके अनियमित पडतायत का, एवढंच त्यातून बघतात. हार्ट अटॅक त्यात कळत नाही. छातीत दुखलं तर घड्याळ बघत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. हे दोघांनाही सांगतेय.

तर मी साधंच मागवतेय. उरलेल्या पैशांतून बाथरूमची ती गुळगुळीत फरशी काढून खरखरीत टाइल्स बसवू आणि कमोडशेजारी, नळाजवळ धरायला स्टीलचे दांडे लावू. घड्याळ काय, बाबा पडल्यावर सांगणार. बाबा, "मी काय म्हातारा झालोय का" हे वाक्य या वेळी नको, दांडा आईलाही लागणार आहे.

आई, बाबांच्या मनगटाला दोरा गुंडाळून पट्टीवर मोज आणि माप कळव, तेवढ्यावर पट्टा अडलाय. मिस्त्रीलाही विचारून ठेव, पण पाणी सुटायच्या दिवशी बोलावू नकोस, त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसते.

तुमची,
मनू