चार्टर का रोडावली : मोनार्कचा हिशेब

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गोव्यात चार्टर विमाने (सहल कंपन्यांनी पर्यटकांसाठी भाड्याने घेतलेली) रोडावल्याचे सगळे खापर तुमच्या बातमीत टॅक्सीच्या दरांवर आणि किनाऱ्यावरच्या कचऱ्यावर फोडले आहे. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. गोव्याच्या दाबोळी विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये असताना मी मोनार्क या ब्रिटिश विमान कंपनीची विमाने हाताळली आहेत. त्या कंपनीला ना आमची टॅक्सी नडली, ना कचरा.

मोनार्क इंग्लंडातल्या ल्युटनची. ५ एप्रिल १९६८ला पहिले उड्डाण माद्रिदला. पैसा स्विस-इटालियन मांतेगात्सा कुटुंबाचा, कॉसमॉस ही सहल कंपनीही त्यांचीच. तिकीट-हॉटेल एकत्र असलेले पॅकेज खपले की विमान भरलेच! पुढे लोक घरबसल्या तिकीट आणि हॉटेल वेगवेगळे घेऊ लागले आणि मोनार्कला रायनएअर, इझीजेट या स्वस्त विमान कंपन्यांशी थेट भिडावे लागले. २०१४मध्ये कुटुंबाने अंग काढून घेतले, ग्रेबुल कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी आली, आणि दूरची उड्डाणे गुंडाळली गेली. म्हणजे मोनार्कचा गोवा तेव्हाच सुटला.

२०१५मध्ये ट्युनिशियात आणि इजिप्तच्या शर्म-अल-शेखहून निघालेल्या विमानावर दहशतवादी हल्ले झाले. झाडून सगळ्या कंपन्यांनी विमाने स्पेन-पोर्तुगालकडे वळवली, भाडी कोसळली. त्यात ब्रेक्झिटच्या कौलाने पौंड घसरला. कमाई पौंडांत, इंधन आणि विमानांचे भाडे डॉलरमध्ये. शेवटच्या वर्षी प्रवासी १४ टक्क्यांनी वाढले होते आणि उत्पन्न १० कोटी पौंडांनी घटले होते. विमाने भरलेली असूनही कंपनी बुडाली, हे आपल्या पर्यटन खात्याने नीट वाचावे. आपण अजून डोकीच मोजतो.

२ ऑक्टोबर २०१७च्या पहाटे सगळे थांबले. परदेशात अडकलेल्या १ लाख १० हजार लोकांना ब्रिटिश सरकारने विमाने भाड्याने घेऊन घरी आणले. विकण्यासारखे उरले ते मुख्यतः लंडनच्या गॅटविक विमानतळावरचे स्लॉट, म्हणजे विमान उतरवण्या-उडवण्याच्या राखीव वेळा. तेही न्यायालयात भांडून मिळवावे लागले.

ब्रिटिश पर्यटकाच्या पॅकेजला ‘अॅटॉल’चे, म्हणजे कंपनी बुडाल्यास पैसे किंवा परतीची सोय देणाऱ्या ब्रिटिश योजनेचे, संरक्षण असते. आमच्या गोव्यातल्या कांदोळीच्या खोलीवाल्याला कसले? सप्टेंबर २०१९मध्ये, आमचा हंगाम तोंडावर असताना, ब्रिटनची थॉमस कुक ही सहल कंपनी बुडाली तेव्हाही हा प्रश्न होता. परदेशी सहल कंपन्यांकडून हंगामाआधी अनामत घेण्याचा विचार सरकार करणार आहे का, एवढे आपल्या वार्ताहराने पर्यटनमंत्र्यांना विचारावे, ही विनंती.

– एक निवृत्त विमानतळ कर्मचारी, वास्को