उपकेंद्राच्या दारावरचा फलक

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मानसिक आजारांच्या तपासणीचा फलक तुझ्या आरोग्य उपकेंद्राच्या दारावर लावला आणि दिवसभरात एकही माणूस फिरकला नाही, असे तू परवा फोनवर सांगितलेस, त्याचे मला नवल वाटले नाही. काकाच्या आजारात तुझी आजी गोळ्या पाकिटातून सोडवून बामच्या रिकाम्या डबीत भरत असे आणि पाकीट चुलीत टाकत असे, कोणी नाव वाचू नये म्हणून. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात त्याला नेताना एस.टी.त कोणी विचारलेच तर 'डोळे दाखवायला चाललो' हे उत्तर ठरलेले असे. एका पावसाळ्यात डबीतल्या गोळ्या दमट होऊन एकमेकींना चिकटल्या, सकाळची कोणती नि रात्रीची कोणती ते कळेना, आणि तो पंधरा दिवस औषधाविना राहिला. पुढचे तुला ठाऊक आहे.

कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली, विमा कंपन्यांना हा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायला लावला, आणि लोकांच्या मनातला कलंक कमी करण्याचे कार्यक्रम आखणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले. पण कार्यक्रम म्हणजे आपल्याकडे बॅनर आणि भाषण. माझे म्हणणे असे, की लोक अडाणीपणाने लपवत नाहीत. लपवण्यात त्यांचा व्यवहार असतो, आणि तो पुष्कळदा सरकारी नियमांनीच घालून दिलेला असतो. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर नापिकी, कर्ज किंवा वसुलीचा तगादा सिद्ध झाला तरच प्रकरण 'पात्र' ठरून घरच्यांना १ लाख रुपये मिळतात. मग त्याचे मनाचे उपचार चालू होते, हे पंचनाम्याच्या वेळी कोणती बाई सांगेल? लग्नाचेही तसेच. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये कायद्यातून वगळले गेले, वरोऱ्याच्या आनंदवनाला तोवर ७० वर्षे झाली होती. मानसिक विकार मात्र हिंदू विवाह कायद्यात अजून कारण म्हणून आहेच. गंभीर आजारात जोडीदाराने जन्मभर अडकून राहावे असे मी म्हणत नाही, परंतु लग्नाच्या मुलीचा बाप तुझ्या केसपेपरकडे कोणत्या नजरेने बघत असेल, ते ध्यानात घे.

बॅनरऐवजी माणसांनी काय होते ते बघ: अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पाने गावपातळीवर माणसे तयार करून काम केले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांपर्यंत गेले.

म्हणून तो फलक काढ. बीपी-शुगरच्या रांगेतच, त्याच केसपेपरवर, झोप लागते का, जेवण जाते का, जीव नकोसा होतो का, एवढे विचार. 'टेन्शन' म्हटलेले आपल्याकडे कोणालाही झोंबत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आशाताईंना तोंडपाठ असू दे. अहवालाला फलकाचा फोटो लागतो हे मला कळते. तो काढून घे आणि मग फलक उतरव.

पंचनाम्याचा मुद्दा मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे: उपचाराची चिठ्ठी सापडली म्हणून मदत नाकारली जाऊ नये, असा ठराव तहसीलदारांकडे पाठवायचा. काका म्हणतो, मीही येतो आणि स्वतः बोलतो. मी अजून त्याला हो म्हटलेले नाही.

तुझे,
बाबा