रविवारच्या बैठकीची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता दादरला नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय एकच, आपल्या मुंबई विद्यापीठाचं ध्येय आणि मूल्यं.

‘शीलवृत्तफला विद्या’ हे बोधवाक्य आपण सगळ्यांनी वाचलंय. विद्येचं फळ म्हणजे चारित्र्य आणि सदाचरण. १८५७ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ फक्त फोर्ट आणि कालिन्याचं नाही, ते पालघर, ठाणे, रायगडपासून थेट सिंधुदुर्गापर्यंतचं आहे. मला हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. मागच्या पावसाळ्यात सावंतवाडीची एक मुलगी एम.ए.च्या प्रवेशासाठी आमच्याकडे उतरली होती. रात्रभराचा प्रवास, ओली छत्री, आणि गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेल्या. सार्वजनिक विद्यापीठ अशा मुलीसाठी असतं, आधी तिच्यासाठी.

म्हणून तिच्यासारख्यांना आपण काय देऊ शकतो, यावर बोलू. जुनी पुस्तकं, राहण्याची सोय, अर्ज भरायला मदत, जे जमेल ते कागदावर लिहून आणा.

विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात. ज्यांची पदवीधर म्हणून नोंदणी राहिली आहे, त्यांनी पदवी प्रमाणपत्राची प्रत सोबत ठेवावी. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, चहा-नाश्त्याचं सांगायचं आहे.

– चिटणीस