ज्युनिअर विम्बल्डनआधीची पाच वर्षे

महोदय,

लिअँडर पेस म्हटले की १९९६ चे अटलांटातील कांस्यपदक आठवते. मला मात्र १९८५ मधला मुलगा आठवतो. घराण्याचे मूळ गोव्यात, वाढलेला कोलकात्यात आणि बाराव्या वर्षी घर सोडून मद्रासच्या ब्रिटानिया अमृतराज अकादमीत दाखल झालेला. वडील वेस पेस म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलेले हॉकीपटू, आई बास्केटबॉलपटू. तरीही एवढ्या लहान मुलाला दूर धाडताना त्यांच्या पोटात कालवले नसेल का! १९९० मध्ये त्याने ज्युनिअर विम्बल्डन जिंकले.

अकादमीमागे एक कंपनी उभी होती, हे विसरू नये. आपल्याकडे गुणी मुलांचे आईवडील रॅकेट, प्रवास, प्रशिक्षक सारे स्वतःच्या खिशातून भागवतात. तालुक्याच्या गावांतील मुलांसाठी उद्योगांनी निवासी शिष्यवृत्त्या सुरू कराव्यात.

— एक टेनिसप्रेमी पालक, सातारा